जाड ऑईल

—नाही, बंद करू नका, चालू राहू द्या. झालं, गेला आवाज. ऐकलात ना? सुरुवातीचे तीन-चार सेकंद, डब्यात खिळे घालून हलवावेत तसा. आणि आता बघा, जशी काही त्या गावचीच नाही! म्हणून तर म्हटलं होतं, गाडी काल संध्याकाळीच आणून लावा, सकाळी गार इंजिन तुमच्यासमोर चालू करतो. गरम इंजिन कधी खरं बोलत नाही, साहेब. करा आता बंद. हं. आणि ही डिपस्टिक बघा — कोरडी. दोन महिन्यांपूर्वी ऑईल भरलं म्हणता, मग गेलं कुठं? खाली फरशीवर थेंब नाही. प्यायली. ही गाडी ऑईल पितेच.

तुमचा दोष नाही हो. तुम्हाला वाटतं आपल्याच नशिबी आलं — अहो, हे अख्खं खानदान असं आहे! चार सिलिंडरची तीन भावंडं, बाराशे, चौदाशे आणि सोळाशे. धाकट्याची चेन सैल पडते, मधल्याचा पाण्याचा पंप गळतो, आणि हा तुमचा थोरला — त्याला दोन्ही दुखणी, वर ऑईलचं व्यसन. कागदावर मात्र सगळे गुण. हलकं, जोरदार, पेट्रोल कमी खाणारं. मला कसं माहीत? अकरा वर्षं कंपनीच्याच वर्कशॉपात होतो ना मी. पहिलं इंजिन खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा आम्ही सगळे भोवती गोल करून उभे होतो. मी तर हात पुसून हात लावला होता त्याला. एवढं देखणं होतं. चिडायचं कुणावर, सांगा!

आणि दुखणं केवढंसं? आत एक चेन असते, सायकलला असते तसलीच, फक्त हिचं काम वरच्या व्हॉल्व्हचा आणि खालच्या पिस्टनचा ताल सांभाळायचं. ती ताणून धरायला एक टेन्शनर — एवढासा, माझ्या अंगठ्याएवढा. तो ऑईलच्या दाबावर चालतो. ऑईल आटलं की तो ढिला, तो ढिला की चेन ढिली, की ही खडखड. आणि एक दिवस चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, कारभार आटोपला. कंपनीनं काय केलं? तीनदा टेन्शनर बदलला. पहिल्यांदा स्प्रिंग बदलली, मग भोक मोठं केलं, आणि तिसऱ्यांदा — हसाल तुम्ही — नुसता खोक्यावरचा नंबर बदलला. मी दोन्ही शेजारी ठेवून मोजले, मापात केसाचा फरक नाही. आणि पुस्तकात छापलं काय, तर दोन वर्षं ऑईल बदलायची गरज नाही! जे इंजिन ऑईल पितं, त्याला दोन वर्षं! लिहिणाऱ्यानं कधी बॉनेट उघडलं होतं का?

गिऱ्हाईक आलं की आम्ही काय म्हणायचं, तेही ठरलेलं. वरून कागद आला होता — गार इंजिनाचा आवाज नॉर्मल आहे. बस. शेकडो वेळा म्हटलंय मी, ह्याच तोंडानं. एक म्हातारे गृहस्थ आले होते, ‘बाळा, चाळीस वर्षं गाडी चालवतोय, हा आवाज मला नॉर्मल वाटत नाही.’ मी काय म्हणावं? ‘काका, तंत्रज्ञान बदललंय.’ तंत्रज्ञान बदललंय! ते काका किल्ली घेऊन गेले. मी पण पुढची गाडी घेतली. सोडून का नाही दिलं म्हणता — दिलं की. पण लगेच नाही. लगेच कोण सोडतं?

बरं, ते राहू द्या. तुमचं म्हणणं काय — जाड ऑईल घालायचं, वर त्या घट्ट पाकासारख्या औषधाची बाटली ओतायची, आवाज दाबायचा आणि गाडी विकून मोकळं व्हायचं. हळू कशाला बोलताय, आपण दोघंच तर आहोत. होतं तसं. का नाही होत? महिनाभर, फार तर दोन महिने, गार इंजिनसुद्धा हूं का चूं करत नाही. घेणाऱ्याला पत्ता लागत नाही. घेणारं कोण आहे? बायकोची मैत्रीण. वा. नुकतंच लायसन मिळालंय. वा वा. आणि मुलांना शाळेत सोडणार हिच्यातून. नाही, मी कुठं काय बोललो?

ऐका, एक मेकॅनिक होता. माझ्या ओळखीतला. हुशार माणूस, हात चांगला. त्याच्याकडे हीच गाडी होती, हाच थोरला, हीच खडखड. इंजिन उघडायचं तर पाच-सहा दिवसांचं काम, आणि घरातलंच माणूस गाडी मागत होतं — ‘तू बघून दिलीस की झालं, मला दुसरं काही नको.’ त्यानं घातलं जाड ऑईल. स्वतःला समजावलं काय, तर पुढच्या महिन्यात सवडीनं चेन बदलून देऊ. मनात होतं हो त्याच्या! खोटं नाही. पुढचा महिना आला, तेव्हा दुसऱ्यांच्या गाड्या होत्या. त्याच्या पुढचा आला. तोवर चढावर, वळणावर, पुढच्या ट्रकला ओलांडताना चेननं दात सोडला. इंजिन बंद पडलं की काय होतं ठाऊक आहे? स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेक — ब्रेक एक-दोनदा लागतो, मग पॅडलचा दगड होतो. चालवणारीला कोणी सांगितलं होतं हे? ती पुन्हा पुन्हा दाबत राहिली. गाडी चढावरून मागं घरंगळली ती सरळ खालच्या पुलाच्या कठड्यावर, आणि शेजारच्या सीटची बाजू—

थांबा हं, फोन. हं, बोल ताई. नाही, गिऱ्हाईक आहे. जेवेन, जेवेन. दाजी काय म्हणतायत? कुबडीनं? अंगणापर्यंत? बरं झालं. नाही, तो पाय तेवढाच वाकणार ताई, डॉक्टर म्हणाले ना, आता जोर करायला लावू नकोस. हो. येतो रविवारी. ठेव.

...काय झालं? असे काय बघताय?

हं. हो. झालं बोलून आता. ओळखीतला बिळखीतला कोणी नाही. ताईला गाडी मीच दिली. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, हिनं वाढवलं मला, माझी शाळेची चड्डी शिवण्यापासून सगळं हिनं केलं — आणि मी तिला बाटली ओतून गाडी दिली. खरचटलं फक्त तिला. दाजी शेजारी होते. पोस्टात होते ते, दिवसभर पायावर. आता खिडकीत बसून असतात. आणि वाईट काय सांगू का साहेब, ती मला बोल लावत नाही. एक शब्द नाही. उलट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, ‘भावानं नीट तपासून दिली होती हो गाडी, म्हणून तर जिवानिशी वाचलो.’ माझ्यासमोर सांगते! मी चहाचा कप हातात धरून बसलेला असतो. बाकीचे मान हलवतात. वर म्हणते, ‘यंत्र आहे, त्याला काय आपली माया?’ कंपनीला मी शिव्या घालतो, त्या टेन्शनरला घालतो, पुस्तक लिहिणाऱ्याला घालतो — आणि घालणारच, लायकीच आहे त्यांची! पण ते इंजिन मला आधी सांगत होतं. रोज सकाळी सांगत होतं. त्याचं तोंड मी बंद केलं.

म्हणून सांगतो, उघडायचं असेल तर उघडू. चेन, गाइड, टेन्शनर, रिंगा, सगळं बदलू, गाडी आठवडाभर इथं राहील. मग विका खुशाल कोणालाही. नसेल तर खडखडीसकट विका, तिला ऐकवून विका. जाड ऑईल मी घालणार नाही. पलीकडच्या गल्लीत घालून देतील, दहा मिनिटांचं काम आहे, मला ठाऊक आहे.

काय? ताईला सांगितलं का?

तुम्हाला काय करायचंय हो? गाडी तुमची, ताई माझी. मी तुम्हाला विचारलं का, बायकोच्या मैत्रिणीला तुम्ही काय सांगितलंत ते? ही घ्या किल्ली. नाही, तपासायचे पैसे नकोत, ठेवा पाकिटात. आणि निघा आता, मला कामं आहेत. मागे घेताना सांभाळून — डावीकडं खांब आहे. या.