पालथ्या टोपलीखालची फरशी

आजोबा : …ज्या साली ही धाकटी पोटात होती ना, त्या सालापासून या घरात शाळा भरते. त्याआधी आम्ही इतकी गावं बदलली की थोरलीने तिसरीचं पुस्तक तीन ठिकाणी वाचलं, आणि मधल्याला भागाकार कुठेच भेटला नाही. मुलगा माझा क्रेन चालवतो. जिथे पूल तिथे बिऱ्हाड. शेवटी सून म्हणाली, मामंजी, पूल पुरे होतात आणि पोरं अर्धी राहतात. आता ह्यांना एकट्यालाच फिरू देत, आपण एका जागी बसू, मी शिकवते. जरा डावीकडून या बाई, वकिलाच्या अपूर्णांकांवर पाय पडेल.

बाई : कोण वकील?

आजोबा : मधला नातू. सूर्य उगवला म्हटलं तर पुरावा मागतो. त्याच्या खालचा मौनीबाबा, आणि शेंडेफळ ही, तुमच्यासमोर बसलेली.

धाकटी : मी शेंडेफळ नाही. माझ्या खाली आजोबा आहेत.

बाई : म्हणजे कसं गं?

धाकटी : शिकायला. आई थोरलीला शिकवायची, थोरली वकिलाला, वकील मौनीबाबाला, मौनीबाबा मला. मी आजोबांना.

आजोबा : सुनेची पद्धतच होती ती. पुस्तक मिटून, आपलं शिकलेलं खालच्याला समजावून सांगायचं. त्याला आलं तरच तुम्हाला आलं. तोवर वरच्याला पुढचा धडा नाही.

बाई : आणि तुम्ही या रांगेत कसे आलात?

आजोबा : हिच्यामुळे. ही पाच वर्षांची होती. रडून घर डोक्यावर घेतलं, सगळ्यांना विद्यार्थी आहे, मलाच नाही. सून माझ्याकडे बघून हसली. मी म्हटलं, बाई गं, माझं वय काय, माझी अक्कल काय, मला अंगठ्याशिवाय काही येत नाही. ती म्हणाली, मामंजी, अंगठा येतो ना, मग बाकीची चार बोटं काय परक्याची आहेत? झालं. या वयात पाटी घेऊन बसलो नातीपुढे.

बाई : पाटी दिसत नाही कुठे.

आजोबा : ही अख्खी जमीन पाटीच. काळी फरशी मीच बसवलीय. उभा जन्म दुसऱ्यांच्या घरात फरशा बसवल्या, ही एक आपल्या घरात. सुनेने पहिल्याच दिवशी खडू ओढून पाहिला आणि म्हणाली, आता फळा कशाला विकत आणायचा? दाराकडची ओळ थोरलीची, मग वकिलाची, मग मौनीबाबाची, शेगडीकडची हिची. आणि तो कोपऱ्यातला तुकडा, फरशी कमी पडली तेव्हा कापून बसवलेला, तो माझा.

बाई : आणि स्वयंपाक?

आजोबा : मधोमध. ती कांदा चिरत चिरत थोरलीला त्रिकोण समजवायची. डोळ्यांतून धार लागलेली. आणि पोरीला म्हणायची, माझ्याकडे बघून घाबरू नकोस, त्रिकोण सोपा आहे, कांदा तिखट आहे. एक कान दुधाकडे, एक वकिलाकडे. वकील मौनीबाबाला काही चुकीचं सांगायला लागला की नुसतं पळीने भांड्यावर ठक्क करायची. बोलायची नाही. वकील समजायचा.

धाकटी : दोनदा ठक्क केलं तर मौनीबाबाने प्रश्न विचारायचा. तो विचारायचाच नाही ना कधी.

बाई : मघाशी अंगणात भेटलेली बाकीची तिघं कुठे गेली?

आजोबा : बाजारात. थोरली घेऊन गेलीय. भाव करायचा तो मौनीबाबाने, असा सुनेचा नियम. तेवढंच तोंड उघडावं.

बाई : उघडतं का?

धाकटी : नाही. तो नुसता उभा राहतो. मग भाजीवालाच कंटाळतो आणि कमी करतो.

बाई : बरं. आजोबा, मी का आलेय ते तुम्हाला ठाऊक आहे. घरी शिकवायची परवानगी तुमच्या सुनेला होती. त्या आता नाहीत. मुलांचे वडील कामावर. आमच्या शिक्षण कार्यालयाला एवढंच कळायला हवं, की शिकवणारं कोणी उरलंय का, आणि मुलं पुढे जातायत का. नाहीतर काय ठरलंय, तेही तुमच्या कानावर असेलच.

आजोबा : आहे. थोरली वसतिगृहात, वकील आणि मौनीबाबा आत्याकडे, ही मावशीकडे. तीन दिशांना चौघं.

धाकटी : आणि आजोबा कुठेच नाहीत.

बाई : तसं व्हावं म्हणून मी आलेले नाही. पण जे दिसेल तेच मला सांगावं लागेल. तुम्ही परवानगी दिलीत म्हणून मघाशी अंगणात थोरलीची वही पाहिली. पोरगी हुशार आहे. तिच्या वर्गातल्या मुलींच्या पुढे आहे म्हटलं तरी चालेल. तुमच्या त्या वकिलाने तिथेच मला अपूर्णांक शिकवला, मी मागितला नव्हता तरी. धाकट्या भावाला समजवावा तसा, पायरी पायरीने. वीस वर्षं शाळा पाहतेय मी. असं समजावणं मोठ्यांनाही सहसा जमत नाही. ज्या बाईने हे बसवलं तिला भेटायला हवं होतं मी.

आजोबा : भेटला असता तर तुमच्याही हातात खडू दिला असता तिने.

बाई : पण एका गोष्टीचा मेळ लागत नाही मला. थोरलीचा शेवटचा धडा फेब्रुवारीतला आहे. वकिलाचा फेब्रुवारीतला. मौनीबाबाचा तोच. रोज अभ्यास चालतो म्हणता, आणि सगळे तिथल्या तिथे. या ओळी पुसलेल्याही दिसत नाहीत.

आजोबा : खालच्याला येईपर्यंत वरच्याने ओळ पुसायची नाही, असं आहे ते.

बाई : मग कोण अडलंय?

आजोबा : मी.

बाई : कशात?

आजोबा : हातच्याची वजाबाकी. म्हातारं डोकं, बाई. आडात असेल तर पोहऱ्यात येणार.

धाकटी : रोज बावन्नातून सत्तावीस देते मी. रोज पस्तीस लिहितात.

बाई : बावन्नातून सत्तावीस. आजोबा, जन्मभर फरशा बसवल्यात. बावन्न आणल्या, सत्तावीस बसल्या, तर उरलेल्या किती हे काय वही काढून बघायचात?

आजोबा : तोंडी वेगळं असतं. लिहून वेगळं.

बाई : मी रागावत नाहीये. पण मला कार्यालयात जाऊन काय सांगायचं? चार मुलं हुशार आहेत, आणि एका वजाबाकीपाशी महिनाभर थांबली आहेत? ते म्हणतील, शिकवणारी गेली आणि शाळाही गेली. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

धाकटी : आजोबांना येतं.

आजोबा : गप गं.

धाकटी : येतं. मुद्दाम चुकतात. मी शेगडीमागून पाहिलंय. आधी बरोबर लिहितात, मग थुंकी लावून पुसतात, मग पस्तीस लिहितात.

बाई : तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?

धाकटी : सगळ्यांना माहीत आहे. थोरलीला पण. आई म्हणायची, खालचा अडला तर चिडायचं नाही. आणि मुद्दाम चुकत असेल तर पकडायचं नाही, त्याच्या पोटात काहीतरी दुखत असतं. आपण दुसऱ्या दिवशी तेच गणित द्यायचं. म्हणून मी तेच देते.

आजोबा : रोज देते. रोज तितक्याच प्रेमाने. एकदाही आवाज चढला नाही पोरीचा.

बाई : आजोबा, दाराजवळ ती टोपली पालथी का आहे?

आजोबा : राहू द्या ती.

धाकटी : तिच्याखाली आईची फरशी आहे.

बाई : म्हणजे?

आजोबा : थोरलीच्या ओळीतली पहिली फरशी. सुनेच्या हातचं लिहिलेलं आहे तिच्यावर. बरेच दिवस सून आतल्या खोलीत पडून होती. हृदयाचं दुखणं. पलंग दाराशी ओढून घेतला होता, स्वयंपाकघरातलं ऐकू यावं म्हणून. तिथूनच भिंतीवर ठक्क करायची. त्या रविवारी म्हणाली, आज बरं वाटतंय, मला खाली बसवा. बसली. थोरलीला धडा लिहून दिला. वर्तुळ काढलं, नुसत्या हाताने असं गोल, की मला वाटलं, आपण इतकी वर्षं सुतळी लावून वर्तुळं उगीच काढली. मग सगळ्यांच्या ओळी बघत बघत माझ्या तुकड्यापाशी आली. म्हणाली, मामंजी, हातचा जमला का? मी म्हटलं, उद्या. ती म्हणाली, मग उद्या मला दाखवा.

बाई : आणि दुसऱ्या दिवशी…

आजोबा : दुसऱ्या दिवशी माझं गणित बरोबर आलं, बाई. पण दाखवायचं कोणाला? आणि मला आलं म्हणजे हिची ओळ पुसायची, हिची पुसली की मौनीबाबाची, मग वकिलाची, मग थोरलीची. फडकं फिरत फिरत त्या टोपलीपाशी येणार. घरात तिचे कपडे आहेत, भांडी आहेत. पण तिच्या हातचं, तिच्या डोक्यातलं असं तेवढंच. मी म्हटलं, म्हातारा ढ राहिला तर कोणाचं काय बिघडतंय?

बाई : चौघांचं बिघडतंय, आजोबा. तुम्ही ते वर्तुळ सांभाळताय, आणि पोरं तीन गावांना जायला निघालीत.

आजोबा : कळतंय मला. आज तुम्ही बोललात तेव्हा नीट कळलं. पण मी पुसलं तरी पुढचा धडा कोण देणार थोरलीला? वर कोणी राहिलं नाही. वरून पाणीच येत नसेल तर खालचा नळ सोडून काय उपयोग?

धाकटी : थोरलीने घेतलाय.

आजोबा : काय घेतलाय?

धाकटी : पुढचा धडा. पुस्तकातून. पहाटे उठून बसते. अडलं की कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या ताईंना विचारते, आई लग्नाआधी जिथे कामाला होती तसलंच दुकान आहे म्हणून. पुढचे पाच धडे तयार आहेत तिचे. पण वकिलाला द्यायचा तर वकिलाची ओळ पुसायला हवी ना. ती म्हणाली, आजोबांना घाई करायची नाही. आई असती तर थांबली असती.

आजोबा : माझ्यासाठी थांबली पोरगी?

धाकटी : सगळेच थांबलो. वकील पण. एकदासुद्धा वाद घातला नाही त्याने.

बाई : ऐका आजोबा. मला विचारलं होतं, शिकवणारं कोणी उरलंय का. मी सांगेन, तुम्हाला धरून पाच आहेत. आणि मी स्वतः महिन्यातून एकदा येऊन थोरलीला अडलेलं पाहून जाईन; ते माझ्या कामात बसतं. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात नाही. मुलं पुढे जातायत का, ते तुमच्या तुकड्यावर आहे.

आजोबा : खडू दे गं.

धाकटी : बावन्नातून सत्तावीस.

आजोबा : दोनातून सात जात नाहीत. शेजारच्या पाचाकडून एक मागून घ्यायचा. त्याच्याकडे राहिले चार. इथे झाले बारा. बारातून सात गेले, पाच. चारातून दोन गेले, दोन. पंचवीस.

धाकटी : आता मला समजावून सांगा. पुस्तक मिटून.

आजोबा : कोणाकडे कमी पडलं तर शेजारच्याने द्यायचं, आणि देणाऱ्याने आपलं कमी झालं हे लक्षात ठेवायचं. एवढंच आहे ते.

धाकटी : बरोबर. आई असंच सांगायची. फडकं आणते.

बाई : मी निघू का? ही तुमची घरची वेळ आहे.

आजोबा : बसा. तुमचे पाय तेवढे वर घ्या.

(फडकं ओलं करून आजोबा आपल्या तुकड्यापासून पुसत दाराकडे जातात. टोपली उचलतात.)

बाई : खरंच गोल आहे.

आजोबा : म्हटलं नव्हतं? आतल्या खोलीतून आणलेल्या उशीवर बसून काढलंय. …ए धाकटे, तू पूस. माझा हात नाही वळत.

धाकटी : आपण दोघं धरू. फडकं मोठं आहे.

आजोबा : हं.

धाकटी : झालं. आता पुढचा धडा, आजोबा. थोरलीचं ऐकून ऐकून मी आधीच शिकलेय. स्वतःचं एक वाक्य लिहायचं. कोणाचं बघून नाही. घरातलं, खरं, आणि तारीख घालून.

आजोबा : कुठे लिहू? माझ्या तुकड्यावर मावणार नाही.

धाकटी : इथेच लिहा. दाराकडच्या पहिल्या फरशीवर. थोरली काही म्हणणार नाही.

आजोबा : बाई, फेब्रुवारीतला ‘फे’ कसा काढायचा, तेवढं सांगा. हिला विचारलं तर ही मला पुन्हा बाराखडीला बसवेल.

बाई : ‘फ’ येतो ना? त्याला एक मात्रा. …हो, अस्संच.

धाकटी : सांगायचं नसतं बाई, ठक्क करायचं असतं. झालं का, आजोबा? मग वाचा. मोठ्याने.

आजोबा : ‘माझी सून या वर्षी फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सोमवारी सकाळी गेली.’