रॉबर्टसमोर फोडलेला नारळ

नवं प्रोजेक्ट आलं की ऑफिसात नारळ फोडतात, तेव्हा मी चहाला पळतो म्हणून चिडवता ना? त्याचं कारण रॉबर्ट.

कोलशेतच्या ऑफिसातलं माझं पहिलंच काम. अमेरिकेतला हा साठीकडे झुकलेला प्रोग्रामर महिनाभर रोज व्हिडिओ कॉलवर आम्हाला त्याचं काम शिकवत होता. शेवटच्या दिवशी आमच्या टीम लीड प्राची मॅडमनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि मी नारळ फोडला. रॉबर्ट स्क्रीनवर कौतुकाने बघत होता.

"हे कशासाठी?" त्याने विचारलं.

"सोमवारपासून तुझं सगळं काम आमच्याकडे येतंय ना, म्हणून!" मी उत्साहाने सांगून टाकलं.

त्याचं हसू मावळलं. "मला तर कंपनीवाले म्हणालेले, तुम्ही माझ्या मदतीला आहात."

"अरे गाढवा," मॅडम पुटपुटल्या, "त्याची नोकरी जातेय, हे त्याला अजून कळवलेलं नाही!"

कॉलेजात कामगारांच्या हक्कांवर भाषणं ठोकणारा मी, हातात नारळाची वाटी धरून उभा.

रॉबर्टने चष्मा पुसला. "मग एक सांगायचं राहिलं. महिनाअखेरीला स्टॉकचा प्रोग्राम अडकतो. तेव्हा काय करायचं, ते लिहून घे."

आणि मी लिहून घेतलं.