सातमीचे गरम गाठिये

मला एक सांगा, शीतळासातमीला चुलीवर कढई चढवणारी बाई अख्ख्या काठेवाडात तुम्हाला सापडेल का? छे हो, आम्ही चहासुद्धा करत नाही... आदल्या दिवशीच थेपले-पुऱ्या करून ठेवायच्या, चूल पुजायची, आणि सातमीला सगळं गारढोण खात दिवसभर पत्ते कुटायचे! राजकोटातल्या बायकांना वर्षातून मिळते ती एवढीच सुटी, आणि तीही आमच्या शेजारच्या रसीलाबेननी फोनला चिकटून घालवली, कुणाबरोबर म्हणाल, तर... थांबा, आधी भांडणाचं सांगते.

वर राहतात रसीलाबेन, खाली त्यांची मोठी जाऊ मंगूभाभी. दर सातमीला दोघींची तीनपत्ती ठरलेली. आता मंगूभाभी लबाडी करतात हे साऱ्या गल्लीला ठाऊक. एक्का मांडीखाली, राणी पदरात, आणि पकडलं की तोंडात सुपारी टाकून म्हणणार, अगंबाई, हा इथं कसा आला? सगळ्या हसायच्या. पण गेल्या वर्षी रसीलाबेनच्या हाती तीन राजे आले, जन्मात एकदा येतात हो, आणि मंगूभाभींनी मांडीखालून तिसरा एक्का काढला... रसीलाबेन चारचौघींत म्हणाल्या, "चोरांबरोबर मी खेळत नाही." झालं! जिना एक, नळ एक, पण बोलणं बंद. तुम्हाला सांगते, लबाडी करायची तर माणसानं समोर बसून करावी, निदान भांडता तरी येतं!

मग सासूचं उतरलेलं तोंड बघून सुनेनं, कृपानं, फोनवर पोकर घालून दिला. पोकर म्हणजे आपल्या तीनपत्तीची कॉलेजात गेलेली बहीण. हातात दोन पत्ते, मधे पाच, बाकी थापा त्याच. पैसाबिसा नाही, नुसत्या रंगीत चकत्या. रसीलाबेन खूश, इथं कुणाला मांडीच नाही तर एक्का लपणार कुठं! आणि तिथं भेटल्या जामनगरच्या भावनाबेन. कधीही बघा, हजर. रसीलाबेन म्हणायच्या, बिचारीला झोप नसेल, सांधे धरले असतील. खेळता खेळता लिहायची सोय असते, तिथं रसीलाबेननी स्वतःचे गुडघे लिहिले, लोणच्याला आलेली बुरशी लिहिली, आणि एकदा मंगूभाभींचंही लिहिलं, की त्या बोलत नाहीत तर घर खायला उठतं. भावनाबेनचं उत्तर काय? "खरं आहे बेन, असंच असतं. छान खेळलात." आणि जिंकायच्या मात्र त्याच! रसीलाबेननी थाप मारली की बरोबर ओळखणार, खरे पत्ते आले की मुकाट्यानं आपले टाकून मोकळ्या...

यजमान जयंतीभाई पेपरातून मान न काढता म्हणाले, "अगं, बाई कसली, यंत्र असणार ते."

"असू दे. तुमच्यापेक्षा जास्त बोलते."

आणि उजाडली सातम. थेपल्याचा तुकडा मोडत रसीलाबेननी लिहिलं, बेन, काय खाल्लंत? उत्तर आलं, "आत्ताच गरमागरम गाठिये तळले, या खायला!" घास हातातच राहिला हो! जामनगरची बाई, आणि सातमीला तेल तापवते? चुकून लिहिलं असेल म्हणून यांनी पुन्हा लिहिलं, आज सातम आहे ना बेन, शीतळामाता कोपेल... तर उत्तर, "खरं आहे बेन, असंच असतं. छान खेळलात."

कृपानं फोन घेतला आणि खेळातल्या त्या टेबलावरच्या उरलेल्या चौघांनाही तेच विचारलं. पाचही जणांनी गाठिये तळले होते. ती हळूच म्हणाली, "मम्मी, या टेबलावर माणूस तुम्ही एकट्याच."

काय सांगू तुम्हाला... मी थेपले द्यायला गेले तर रसीलाबेन गार चुलीकडे बघत बसलेल्या. वर्षभर आपलं दुःख कुणाला सांगितलं, तर कुणालाच नाही! लबाडी करायची तर समोर बसून करावी, नाही का? ही कसली लबाडी, की जिच्याशी भांडायलाही कुणी सापडू नये? रसीलाबेन मला एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांत एक मंगूभाभी खरी होती गं, आणि तिलाच मी चोर म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, आठमीला, म्हणजे तुमच्या गोकुळाष्टमीला, पत्त्यांचा कॅट आणि उपासाच्या चिवड्याचा डबा घेऊन रसीलाबेन जिना उतरल्या. दार उघडंच होतं. मंगूभाभी झोपाळ्यावर फोन घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, सरकून जागा केली आणि म्हणाल्या, "आलीस? बस. एवढा डाव होऊ दे, जामनगरच्या भावनाबेन आहेत समोर. फार जीव लावते गं बाई. तुझ्यासारखं चोर म्हणत नाही."

कॅट मांडीवर ठेवून रसीलाबेन झोपाळ्याच्या कडेला बसल्या आणि डाव संपायची वाट बघत राहिल्या.