अवसेच्या संध्याकाळचा भाव

हॅलो?… हॅलो, कोण?… हां करिश्मा, बोल वं. सुटली काय कंपनी तुही?… जराशीक मोठ्यानं बोल, तुह्याकडं बसचा भोंगा वाजून राहिला.

मी? मी अकोल्याले आली. ठिबकच्या नळ्या घ्याले… हाव, अवसेच्याच दिवशी. पितर जेवू घातले अन् अकोटातून दीडची बस धरली… नाई, दुकानात नाई आता. असंच… एका ठिकाणी बसली… कोणती बाई टोकनचा नंबर पुकारते? ते… बँकेत आहो नं मी… हाव, बरोबर आहे, सहा वाजता कोणती बँक उघडी रायते.

बरं सांगते. पण तुह्या भाऊजीच्या कानावर गेलं नाई पायजे. चामडीच्या डाक्टरिणीकडं बसली. वांग काढाले. लेझरनं.

हास. हास तू!… हाव, या वयात. काहून, रागिणीनं नाई काढले? माही जाऊ काय सोळा वर्षांची आहे?… अवं ऐक नं! दोघी एकाच वावरात राबलो, बाजारात एकाच बोरीवर बसलो, दोघींच्या गालावर एकाच उनाचे वांग. तेव्हा कसं बरं होतं. वैशाखात तिच्या भावाचं लग्न काय आलं, हे बाई चेहरा करून आली. आता छत्री लावून बसते, राणीवानी. अन् गिऱ्हाईक तिच्याकडंच वाकते! एकच वांगे, एकच गवार, एकाच मळ्यातली. तिची टोपली चारले खाली, मी सांजवेळपर्यंत पाणी शिंपडत बसते.

जळते? हाव, जळते. तुह्यापाशी काय लपवू. परवा हे जेवता जेवता म्हणतात, रागिणी आता पोरीवानी दिसते. माह्या हातची भाकर खाऊन!… मी काय केलं? दुसरी भाकर करपवली.

मग आतापर्यंत काहून थांबली? अवं, तेच तर सांगून राहिली. रागिणी मले म्हणे, दोन हजारात झालं एका खेपेचं. मी म्हणलं, भर लगनसराईत दोन हजार, तर पितृपक्षात हजारावर येईन. पितृपक्षात कोण तोंड रंगवते? आपली गवार महागते या दिवसांत, नैवेद्याले लागते म्हणून. या दवाखान्यायचं उलटं. गिऱ्हाईकच नाई तर भाव पडनच… हाव नं, अन् अवसेचा शेवटचा दिवस. उठत्या बाजारात आपण नाई का उरली मेथी मिळन त्या भावानं देऊन टाकत? म्हणलं, हेबी तसंच देतीन… 

कायचं वं. आत पाय ठेवाले जागा नाई. उद्या घट बसते, सगळ्यायले उद्याच्या आत चेहरा पायजे. माह्यासारख्याच सगळ्या भाव पडाची वाट पाहून बसल्या होत्या. मशीन एक अन् बाया तीस. सकाऊन साडेतीन होता म्हणे, आता साडेचार. हजार नाई, साडेचार हजार! एका खेपेचे. अन् असं चारदा यावं लागते… केला नं भाव. म्हणलं, अडीच घ्या, मोकळे व्हा. ते काउंटरवरची पोरगी माह्याकडं अशी पाहे, जशी मी फुकट कोथिंबीर मागितली.

थांब, खरी गोष्ट पुढंच आहे. मी तिले म्हणलं, माह्या जावेले बरं दोन हजारात केलं तुमी. नाव सांगितलं. तिनं कॉम्प्युटरात पायलं… किती असन, सांग… सहा! खेपेचे सहा हजार! ते म्हणे, ताई, तेव्हा अकोल्यात हे मशीन आमच्याकडंच होतं, अन् लग्नाच्या तिथी. आता समोर दुसरा दवाखाना झाला, म्हणून आमी उतरलो.

… सासूच्या धाकानं सांगितलं असन कमी?… हाव, सासूले सांगाचं नं. मले काहून? मी तिची जाऊ. तिच्या बाळंतपणात तिची टोपली मीच बाजारात नेली. मले त्या दोन हजारावर पाच महिने उनात बसवलं तिनं, वांग अखीन काळे झाले.

रडत नाई मी… सर्दी आहे… नाई वं, घरी कायले जाऊ? उद्या घटाच्या दिवशी तिच्याच बाजूले बसाचं आहे मले.

… काय वं पोरी? माहा नंबर?… हाव, आली, आली. साडेचार नं? घे. मोजून घे… तुले नाई, करिश्मा, या पोरीले बोलली. नळ्याचं पाहू नंतर. फुटल्या तिथं रबर गुंडाळू, यंदाचं वर्ष काढू… माहीत आहे, तुहे शेषराव भाऊजी बोंबलतीन. बोंबलू दे.

थांब, ठेवू नको! रागिणी तुले फोन करन. करनच, तिले चैन पडत नाई. विचारन, बेबीताईचं कितीत झालं. तर सांगजो, आठशे… हाव, आठशे. एका खेपेचे. अन् वरून डाक्टरिणीनं चहा पाजला म्हणजो.

… पाप कायचं त्यात? सहा हजार देऊन बसली ते. एक रात्र तरी डोळ्याले डोळा नाई लागला पायजे तिचा.

चाल, ठेवते. तोंड धुवाले बोलावून राहिले.