उपसून दाखव

नको मंजिरी, चहा नको मला. तू तिकडे देवजवळ जा — आज नवऱ्याजवळ उभं राहायचं सोडून सासऱ्याजवळ काय उभी राहतेस? दिसलं मला, नाही निघाला खांब. मशीननं एवढा जोर लावून वर खेचला, तरी जागचा हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी? मी चष्मा पुसत होतो.

अगं, पाटबंधारे खात्यात जन्म गेला माझा. पाया म्हणजे काय — तर खणायचं, काँक्रीट ओतायचं, वरचं ओझं पेलायचं. आणि आमचे चिरंजीव इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमागे सोलर पॅनल बसवणार, तर नुसते लोखंडी खांब ठोकतात मातीत — ना खड्डा, ना काँक्रीट, निम्म्या खर्चात काम. म्हणाला, बाबा, पॅनलला वजन असतं कुठे, वारा त्यांना वर उचलतो. इथं पेलायचं नाही, धरून ठेवायचं. लेस्टरची चिकणमाती घट्ट धरते. बरोबरच होतं की. मला तेव्हाच कळलं होतं — हो, तिथंच, जेवणाच्या टेबलावर. पण कबूल कसं करणार? आयुष्यभर त्यानं मला विचारलं, आता मी त्याला विचारायचं?

आणि तो बिचारा माधवरावांवर चिडून बसलाय. मंडळाच्या कमिटीसमोर एक खांब उपसून दाखव म्हणाले ना ते, म्हणून बोलतसुद्धा नाही त्यांच्याशी. आता माधवराव पडले अकाउंटंट, त्यांना खांबातलं काय कळतंय? त्यांना फोन करून मीच तर —

तुला ठाऊक नव्हतं.

अशी बघू नकोस गं. काळजी वाटते म्हणून सांगितलं मी त्यांना — स्वतःलाही तेच सांगत होतो. पण आज मशीन खेचायला लागलं ना, तेव्हा मनात काय होतं माझ्या? निघू दे. एकदा निघू दे तो खांब. पोटच्या पोराचा, मंजिरी. लाज वाटते गं मला. आणि खांब हलला नाही, तेव्हा त्यानं आधी कुणाकडे बघितलं? तुझ्याकडे नाही, कमिटीकडे नाही. माझ्याकडे.

येतोय बघ इकडेच. हसतोय. आता पाया पडेल — सगळ्यांदेखत वाकेल, खोडच आहे ती त्याची. तू सांग ना त्याला काहीतरी — नको, काही सांगू नकोस. तो कप दे इकडे. त्याच्या डोक्यावर ठेवायला हात रिकामे नकोत माझे. आणि जा तू.