डोक्याला लागलं की बसायचं

माझं नाव मालन. गावाचं नाव न्हाई सांगत, छापलं की उगा कुनीतरी म्हनंल आत्यानं गावाची बदनामी केली. पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या अंगाला हाय म्हना, एवढं पुरं. जल्म हितलाच. बाप लोकांच्या हिरी खंदायचा, आन् आमच्याकडं हीर खंदनं म्हंजी पानी लागंल का न्हाई ते देवाला ठावं, पन काम मातुर भरपूर. मला दिली कर्जतकडं. तिकडं चार वरसं बी नांदले न्हाई, मालक मोटारसायकलवरून पडून गेले, मूलबाळ न्हाई, मग भाऊ येऊन घिऊन आला. माहेरात राहिलेली बाई समद्या गावाची आत्या बनती, तशी मी झाले. आता मला मालन म्हननारं कुनी उरलं न्हाई, पोलीस पाटलाच्या तोंडी बी आत्याच.

शाळंत खिचडी शिजवायचं काम मिळालं. तुमी म्हनाल, खिचडी शिजवनारी बाई फुटबॉलात कशी शिरली. काय सांगू तुमाला, मला बी अजून इचारावं वाटतं. आमच्या शाळंवर एक गुरुजी आले, कोल्हापूरचे. तिकडं म्हनं गल्लीगल्लीला फुटबॉल, मानसं त्याच्यापायी भांडत्यात. हितं आल्यावर गुरुजींनी काय बघितलं, तर दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या येत्यात, कोयता, भांडी, शेळी, कोंबड्या समदं गाडीत चढतं, आयबाप जात्यात ऊसतोडीला, आन् गावात उरत्यात म्हातारी आन् पोरं. पोरं मंग संध्याकाळची कुठं बी हिंडायची, हिरीवर काय, रस्त्यावर काय. गुरुजींनी एक चेंडू आनला. अकरा पोरं भरंनात म्हनून पोरी घेतल्या. पैल्यांदा लोक लई बोलले, पोरी आन् हाफ चड्डी काय म्हनून. मी म्हनलं पंजाबीची सलवार दुमडून खेळतील, तुमाला काय त्रास. तशाच खेळल्या.

मी खरकटी भांडी घासता घासता बघायची. लई मजा यायची. पायानं चेंडू मारायचा, हात लावायचा न्हाई, आन् एक पोरगी हुती ती चेंडू आला की दोन्ही हात पदरात बांधल्यासारखी मागं धरायची, इसरून हात लागू ने म्हनून. आता आठवलं तरी हसू येतं.

मंग गुरुजींची बदली झाली. जाताना चेंडू माझ्या हातात दिला आन् म्हनले, मालनताई, रोज पाचला फक्त ग्राउंडवर हुबं राहा. मी म्हनलं, गुरुजी, मला यातलं काय कळतंय. म्हनले, कळायला नको, मोठं मानूस हुबं असलं की पोरं नीट ऱ्हात्यात. तर मी हुबी ऱ्हायले. पोरांनीच मला शिकवलं. आपसाइड म्हंजी काय ते तर मला दोन वरसांनी कळलं, पोरगं चेंडूच्या आदीच पुढं जाऊन फुकट वाट बघत हुबं ऱ्हायलं की चूक, असं मी ध्यानात ठिवलं, अजून बी तेवढंच ठावं हाय.

पन हुबं राहायचं म्हंजी काय, ते मी माझ्या पद्धतीनं केलं. चारला जाऊन आदी ग्राउंड अनवानी फिरायची. बाभळीचा काटा मोठ्याला आदी लागला म्हंजी पोराला लागत न्हाई. काच, खडा, समदं पाटीत. गोलाचे खांब दोन हात खोल पुरून घेतले, कारन ते पडले तर पोराच्या अंगावरच पडनार. नडगीला जाड पुठ्ठा, वरून मोजा. डेऱ्यात मीठसाखरेचं पानी. उपाशी पोरगं खेळायचं न्हाई, भाकरीचा तुकडा खाल्ला का म्हनून तोंडाचा वास घ्यायची मी, खरं सांगते. आन् एकटं कुनी घरी जायाचं न्हाई. एकदा तालुक्यावरनं एक मानूस आला, म्हनला मी पोरींना येगळं शिकवतो, एकेकीला माझ्याकडं पाठवा. मी म्हनलं, एकेकीला न्हाई, समद्या येतील आन् मी बी येईन, चटई घिऊन येते. परत आला न्हाई तो.

माझ्या जोडीला सलीमचाचा. माझ्यापरीस लहानच, पन पोरं चाचा म्हनायची म्हनून मी बी चाचाच म्हनते, तो मला आक्का. पाथर्डी-नगर जीप चालवायचा. मॅचला आमाला तोच न्यायचा, चढताना मोजायचा, उतरताना मोजायचा, आन् एक जरी कमी भरलं तरी हॉर्न दाबून धरायचा. पोरं मुद्दाम सीटखाली लपायची. चाचा म्हनायचा, निघा भायेर, न्हाईतर नगरच्या स्टँडवर इकून टाकीन, कुनी घेनार बी न्हाई तुमाला.

ते दिस लई चांगले हुते. पन आता जे सांगायचं हाय ते सांगते, न्हाईतर तुमी म्हनाल आत्या नुसती ग्वाड ग्वाड बोलती.

सोनाली म्हनून पोरगी हुती, बारा वरसांची. तिची आय तारा, बाप, दोघं ऊसतोडीला जायाचे. घरात म्हातारी न्हाई, म्हनून तारानं पोरगी माझ्याकडं ठिवली. गाडीत चढताना म्हनली, आत्याबाई, हिची शाळा बुडू देऊ नका, माझ्यासारखा कोयता नको हिच्या हातात. मी म्हनलं, जा तू, माझ्या लेकीसारखी ठिवीन.

आन् ठिवली बी. माझ्या हातरुनात झोपायची, रात्री झोपंत पाय मारायची, सपनात बी फुटबॉल.

संक्रांतीच्या आसपास शेजारच्या गावाला मॅच हुती, सकाळची. सोनालीनं दोन गोल केले. लोक वरडत हुते, कडंच्या दोन बाया म्हनल्या, काय बाई पोरगी पळती, हरनच. ते माझ्या कानात बसलं. मंग चेंडू वर आला, ही उडाली, समोरची पोरगी बी उडाली, डोक्याला डोकं लागलं आन् सोनाली मागं पडली, टाळूच्या मागचा भाग खडकाळ जमिनीवर. धप् आवाज मला कडंला ऐकू आला. मी पळाले. तर ती उठून बसली, हसली. मी म्हनलं, खेळतीस का. म्हनली, खेळते आत्या. मी पदरानं तोंड पुसलं आन् जा म्हनलं. जा म्हनलं मी. आमी जिंकलो.

जीपमदी तिनं इचारलं, आत्या, किती गोलानं जिंकलो. मी सांगितलं. पुन्यांदा इचारलं. तिसऱ्यांदा इचारलं तर पोरं हसायला लागली, म्हनली, हिला आपलंच कौतुक पुन्हा पुन्हा ऐकायचंय. मी बी हसले.

घरी आल्यावर म्हनली डोकं दुकतंय. भाकर खाल्ली न्हाई. मंग उलटी झाली. आता मी काय केलं ऐका. मला त्या दोन बाया आठवल्या. म्हनलं, लागली दिष्ट. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या घेतल्या, तीन येळा उतरवलं, चुलीत टाकलं. मिरच्यांचा ठसका यायाला पायजे, आला न्हाई. आमच्याकडं ठसका आला न्हाई म्हंजी दिष्ट कडक. मंग पुन्यांदा काढली. मिरच्या वाढवल्या. शेजारची म्हनली, आता निजू दे, निजली की उतरंल. मी तिला निजवली, डोक्याला तेल लावलं, वर गोधडी घातली. भाईर ऊन पडलेलं आन् मी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत हुते, काय म्हनू आता मला.

चाचा आला जीपमदी ऱ्हायलेला पान्याचा डेरा द्यायाला. म्हनला, चॅम्पियन कुठंय. मी म्हनलं, निजलीय, दिष्ट लागलीय. त्यानं हाक मारली. ती उठली, दारात आली, आन् चप्पल घालाया पाय उचलला तर पाय चपलंत जाईना. चप्पल हिकडं, पाय तिकडं. चाचाच्या हातातला डेरा खाली टेकला. म्हनला, आक्का, ही नजर न्हाई, हिच्या डोक्याच्या आत लागलंय, माझा क्लीनर टपावरनं पडला हुता तवा असंच झालं हुतं, आमी त्याला निजू दिला, तो उठलाच न्हाई, बस जीपमदी.

नगरला नेली. सोनाली माझ्या मांडीवर, आन् मी तिला इचारत हुते, तुझं नाव काय, आयचं नाव काय, निजू नको. आयचं नाव तिनं सांगितलं, दोन बारीला, मंग सांगंना.

डॉक्टर तरना हुता. म्हनला, कितीला पडली. मी म्हनलं, दहाला. म्हनला, आता चार वाजले, मधी काय करत हुता तुमी. चाचा म्हनला, गाडी मिळाली न्हाई सायेब. माझ्यासाठी खोटं बोलला, गाडीवालाच असून. मी म्हनलं, न्हाई डॉक्टर, दिष्ट काढत हुते. डॉक्टरनं नुसतं बघितलं माझ्याकडं. ते बघनं मला अजून आठवतं.

डोक्यात रगत साकळलं हुतं. ऑपरेशन केलं. वाचली. देवानं वाचवली, डॉक्टरनं वाचवली आन् चाचानं वाचवली, मी न्हाई.

मुकादमाच्या मोबाईलवर निरोप दिला. दुसऱ्या दिशी तारा आली, साडीला उसाची कुसं तशीच. पोरीच्या येन्या कापल्या हुत्या, डोक्याला पट्टी. तारानं पट्टीवर हात फिरवला. चाचा मला बाजूला घिऊन म्हनला, आक्का, त्या सहा तासांचं बोलू नको, पोरगी वाचली ना. पन मला भाकर गोड लागंना. मी ताराला समदं सांगितलं. पडली तरी खेळाया पाठवली ते बी सांगितलं. मला वाटलं ती मला मारंल. मारायला पायजे हुतं.

तारा म्हनली, आत्याबाई, मी असते तर मी बी दिष्टच काढली असती.

आन् घिऊन गेली पोरीला. फडावर. म्हनली, माझ्या डोळ्याम्होरं असू दे. शाळा बुडाली त्या वरसाची. ज्यासाठी ठिवली हुती तेच मी घालवलं. मी चेंडू कोठीत टाकला, कुलूप लावलं. पोरं पाचला दाराशी यायची, आत्या, आत्या करायची, मी आतून कडी काढायची न्हाई. एक दिस चाचा आला, म्हनला, पोरं पुन्हा हिरीवर जायला लागली, तुझं कुलूप तू बघ. मंग उघडलं. पन एक नियम केला, डोक्याला लागलं की बसायचं. फायनल असू दे, रडू दे, बसायचं. तीन सवाल इचारते, कुनाबरोबर आलास, सकाळी काय खाल्लंस, आत्ता गोल कुनी केला. पोरं म्हनत्यात आत्याची परीक्षा. एक पोरगं हुतं, सवालांची उत्तरं पाठ करून यायचं, तर मी सवाल बदलले. चुकलं, ओकलं, झोप झोप केलं, तर सरळ दवाखाना. दिष्ट काढते मी अजून, न्हाई कशाला म्हनू, पन दवाखान्यातनं आल्यावर.

पुढचा दसरा झाला. गाड्या लागल्या. तारा माझ्या दारात, हातात सोनालीची पिशवी. म्हनली, ठिवून घ्या. मी म्हनलं, तारा, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, दुसरं कुनी बघ. मी पिशवी तिच्याकडं लोटली. तिनं परत माझ्याकडं लोटली. म्हनली, आत्याबाई, फडावर हिला लागलं तर मी काय करनार, मिरच्याच शोधनार. तुमाला आता ठावं झालंय. तुमच्याकडंच ठिवनार. आन् गाडीत जाऊन बसली, मागं बघितलं बी न्हाई.

सोनाली त्या वरसापास्नं डोक्यानं चेंडू खेळली न्हाई, डॉक्टरनं नको म्हनलं हुतं, पन ग्राउंडवर असायची, बारकी पोरं पडली की पैली तीच पळायची. दहावी झाली, पुढं शिकली, आता नगरला कामाला जाती. उन्हात डोकं ठनकतं म्हनती. फोन आला की मी आदी तेच इचारते.

चाचा गेला, दोन वरसं झाली. त्याची जीप आता पुतन्या चालवतो, तो बी मोजतो. माझे गुडघे गेले. मी खुर्ची टाकून बसते कडंला, आन् तरनी पोरं शिकवत्यात, त्यांच्याकडं शिट्टी हाय, मोबाईलमदी कायकाय हाय. पन नवं पोरगं आलं की त्याला आदी माझ्यापाशी आनत्यात, मी डोक्यावरनं हात फिरवते, टाळू दाबून बघते. म्हनते, खेळ बाबा, पळ, पड, सुखानं पड. फक्त पडलास की आत्याला सांग. हसून उठू नको.