झाकणावरची खपली

बाबा : यीस्टची गोष्ट मला नका सांगू, मॅडम. उभा जन्म बेकरीत गेलाय माझा. उपाशी ठेवलं की मुकाट मान टाकतं ते. औषध द्या हवं तेवढं, पण हृदयाची झडप राहू द्या.

डॉक्टर : हे तुमच्या बेकरीतलं नाही हो. त्याचं चुलत भावंड म्हणा. पोटाच्या ऑपरेशननंतर शिरेत नळी होती ना, तिथून ही बुरशी रक्तात शिरली आणि हृदयाच्या झडपेवर ठाण मांडून बसली.

बाबा : ऐकलंस? आणि मी खमिरावर आळ घेतला. आजोबांच्या वेळची खमिराची बरणी फेकायला लावली तुला!

लेक : ते नंतर. आधी त्यांचं ऐका.

डॉक्टर : ताप औषधानं उतरला, पण झडपेवर बुरशीचा गोळा झालाय. त्याच्या आत औषध पोचत नाही. तुकडा सुटून मेंदूत गेला, तर माझे हात बांधले जातील. झडप याच आठवड्यात बदलायची.

बाबा : ताप उतरला म्हणजे मेली की ती!

लेक : बाबा, उन्हाळ्यात बेकरी बंद होती तेव्हा बरणी पार वाळली होती. मी म्हटलं, खमीर मेलं. तुम्ही काय केलंत?

बाबा : काय केलं?

लेक : झाकणावरची नखाएवढी खपली खरवडलीत, कोमट पाणी न् पीठ घातलंत. सकाळी बरणी उतू जात होती.

(बाबांचा हात छातीवर जातो.)

बाबा : नखाएवढीसुद्धा नव्हती गं.

लेक : म्हणून म्हणते, झाकणासकट काढू द्या त्यांना. मला भीती वाटते हो.

बाबा : मॅडम, जमेल ना? खरं सांगा.

डॉक्टर : धोका आहे, खोटं नाही बोलणार. न करण्यात त्याहून जास्त आहे. पण तुम्ही दणकट आहात आणि माझा हात बसलाय या कामात. नंतर काही आठवडे सलाईनमधून औषध, मग गोळ्या. बहुधा जन्मभर.

बाबा : बरं वाटलं तरी?

डॉक्टर : बरं वाटलं की तर चुकवायच्याच नाहीत.

बाबा : म्हणजे झाकणावर कायमची नजर. कळलं. बदला झडप. बरणी मात्र हकनाक गेली.

लेक : फेकलीच नाही मी. रोज पीठ घालतेय.

बाबा : बापाचं ऐकशील तर शपथ! बरं केलंस. आता मी येईपर्यंत सांभाळ.

लेक : येईपर्यंतच हं. रोज पहाटे उठणं माझ्याच्यानं होत नाही.